सुतावरून शेंड्यापर्यंत

गुहागरला आमच्या परड्यात एक रायवळ आंबा आहे. त्याच्या शेंड्यावरचं फळ आजवर कोणी हाताने काढलेलं नाही. ते पडेल तेव्हा आपलं, तोवर वटवाघळांचं. तसा आमचा पाडेली कशाला घाबरणारा नाही. पायांत सुंभाचा फास अडकवायचा, कमरेच्या आकडीला कोयता लावायचा की तो बघता बघता माडाच्या झावळ्यांत दिसेनासा होतो. पोफळीवर तर एकदा चढला की तो खाली उतरतच नाही. शेंड्यावरून झोका घेऊन पुढची पोफळ पकडतो आणि अख्खी ओळ हवेतल्या हवेत संपवतो. या आंब्यापुढे मात्र त्याने हात टेकले आहेत. "माड मिठीत येतो भाऊ," तो म्हणतो, "ह्याला मिठी बसत नाय." बुंधा तीन माणसांच्या कवेत मावेल एवढा, आणि पहिली फांदी आंबे उतरवायच्या घळीच्या टोकालाही न लागणारी.

दहा-बारा वर्षांचा असताना मी आजोबांपुढे एक योजना मांडली होती. दगडाला सूत बांधून ते फांदीवरून टाकायचं, सुताला सुतळी बांधायची, सुतळीला दोर, आणि त्या दोरावरून वर जायचं. आजोबा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "निघाला सुतावरून स्वर्ग गाठायला." योजना तिथेच आटोपली. आपल्याकडे हे बोलणं टोमण्याचंच. एवढ्याशा खुणेवरून भलताच निष्कर्ष काढणाऱ्याला ते ऐकवतात.

त्यानंतर चाळीसएक वर्षांनी नलिनी नाडकर्णी यांच्याविषयी वाचलं आणि आजोबांची आठवण आली. उंच झाडांच्या शेंड्यांवरच्या जगाचा अभ्यास करणारी ही अमेरिकन शास्त्रज्ञ. तिचे वडील मोरेश्वर नाडकर्णी ठाण्याचे. ते औषधशास्त्राच्या अभ्यासासाठी अमेरिकेला गेले आणि तिथलेच झाले. आई ब्रुकलिनमधल्या ज्यू घरातली. मेरीलँडमधल्या त्यांच्या घरापुढे मेपलची आठ झाडं होती आणि शाळेतून आलेली ही मुलगी त्यांतल्या कुठल्या तरी झाडावर असायची. पुढे तेच तिचं काम झालं. वॉशिंग्टन राज्यातल्या ओल्या अरण्यांत आणि कोस्टारिकाच्या माँतेवेर्देत ती दोरावरून झाडांच्या माथ्यावर जात राहिली. आणि वर जाण्याची रीत? आधी सूत, सुतामागून सुतळी, सुतळीमागून दोर.

नाडकर्णी आडनावातला 'नाड' म्हणजे गावांचा समूह, प्रदेश. त्याचा हिशेब ठेवणारा तो नाडकर्णी. पण मोटेच्या दोरालाही आपल्याकडे नाडाच म्हणतात. या योगायोगात अर्थ काही नाही, तरी मला गंमत वाटली. ठाण्यात मला कोणाचं घर शोधायचं नव्हतं. ज्या गावातून हे घराणं निघालं तिथली माणसं झाडावर कशी चढतात आणि कशासाठी चढतात, एवढंच पाहायचं होतं. म्हणून ज्येष्ठात, पाऊस दारात उभा असताना, मावशीकडे नौपाड्यात जाऊन राहिलो.

पहिल्याच सकाळी तिच्या गल्लीत छाटणी चालू होती. पावसाआधी महापालिकेची माणसं वाकलेल्या फांद्या उतरवतात. झाड होतं पर्जन्यवृक्षाचं. इथे त्याला सगळे 'रेन ट्री' म्हणतात. पाळणा लावलेली गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती, कारण दोन्ही कडेला मोटारी उभ्या. शेवटी माणूसच वर गेला. मुकादम मुरबाडकडचा होता. मी विचारलं, "केवढं उंच असेल?" तो वर न बघताच म्हणाला, "चार माळे." आमच्याकडे विहिरीची खोली पुरुषांत सांगतात आणि झाडाची उंची माडात: दीड माड, दोन माड. इथे आभाळसुद्धा माळ्यांनीच मोजतात.

वर गेलेला मुलगा अनवाणी होता. पहिल्या बेचक्यापर्यंत शिडी होती, पुढे नुसते हात आणि गुडघे. कमरेला त्याने नायलॉनची बारीक दोरी बांधली होती आणि ती त्याच्यामागे शेपटीसारखी वर सरकत होती. मला हवं होतं ते इथेच दिसलं. जाड दोर घेऊन तो चढला नव्हता. तो दोर त्याला वीस हातांवरच खाली ओढू लागला असता. वर बसकण मारल्यावर त्याने दोरीचं टोक खाली सोडलं, खालच्यांनी त्याला जाड दोर बांधला आणि त्याने तो वर घेतला. कापायच्या फांदीपेक्षा उंचावरच्या एका भक्कम बेचक्यातून तो ओवला आणि मग फांदीला आवळला. खाली दोराचं दुसरं टोक शेजारच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे घालून दोघांनी धरलं होतं. वेढ्यांच्या घर्षणामुळे दोन माणसं दहांचा भार पेलतात. करवत थांबली, फांदी कडाडली, हातभर खाली आली आणि हवेत लटकली. "सोड... सोड... हळू... धर!" एवढ्या चार शब्दांत ती मोटारींच्या मधल्या जागेत अलगद उतरली.

तोवर बाल्कन्यांमध्ये माणसं जमली होती. एक काकू सांगत होत्या, "आमच्या समोरची ठेवा हो, दुपारचं ऊन येतं." वरच्या माळ्यावरचे गृहस्थ म्हणत होते, "सगळी काढा, कावळे बसतात." मुकादम दोघांनाही 'हो' म्हणत होता. आमच्याकडे परड्यातली फांदी तोडताना फार तर शेजाऱ्याच्या कौलांचा विचार होतो. इथे 1975 चा झाडांचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, अर्ज आणि परवानगी आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' धरलं जातं. गावात झाड घराचं असतं, शहरात ते सगळ्यांचं असतं, आणि सगळ्यांचं असलं की त्याला वकील लागतो.

चहाच्या वेळी मी मुकादमाला विचारलं, "हा मुलगा कधी नुसता वर जाऊन बसतो का?" त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाला, "नुसतं बसायचे पैसे कोण देणार, साहेब?"

दुपारी स्टेशनला लागून असलेल्या चेंदणी कोळीवाड्यात गेलो. पुलाच्या आणि रिक्षांच्या गोंगाटातून दोन वळणं घेतली की घरांपुढे जाळी वाळत घातलेली दिसतात आणि आवाज एकदम खाली येतो. ओट्यावर एक म्हातारे कोळी जाळ्याची भोकं भरत बसले होते. आमच्याकडे अनोळखी माणसाला पहिला प्रश्न 'कोणाकडचे?' असा असतो. ठाण्यात सकाळपासून मला 'ईस्ट की वेस्ट?' हे दोनदा विचारून झालं होतं. बाबांनी यातलं काहीच विचारलं नाही. बाजूला सरकून बसायला जागा केली, बस्स.

मी त्यांना विचारलं, होडीचा जाड दोर धक्क्यावरच्या माणसाकडे कसा फेकता? ते हसले. "जारा दोर कोन फेकनार? आधी बारकी दोरी, टोकाला वजन. ती त्यानं धरली की मागून जारा आपसूक येतो." सांगताना हात जाळ्यावर चालूच होते. जी गोष्ट सांगायला मला आडनावापासून कोस्टारिकापर्यंत जावं लागलं, ती त्यांनी दोन वाक्यांत संपवली.

मी त्यांना नाडकर्णीबाईंच्या साधनाबद्दल सांगितलं. एका दांड्यावर मोठी बेचकी बसवायची, खाली गळाची रीळ. बेचकीतून छोटं वजन सुटतं, त्यामागे रिळावरची तंगूस सरसरत जाते, फांदी ओलांडून पलीकडे उतरते. तंगुसाला सुतळी, सुतळीला गिर्यारोहणाचा दोर. काही जण धनुष्यबाण वापरतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे रेडवूड तर असे की पहिली धड फांदीच वीस माळ्यांच्या वर. 2006 मध्ये सापडलेलं हायपेरियन नावाचं झाड एकशे साडेपंधरा मीटरचं भरलं, आणि ते मोजण्यासाठीही माणूस दोरावरून माथ्यावर गेला आणि तिथून त्याने फीत खाली सोडली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वरती मासं हायेत काय?" त्यांच्या सुनेने आतून बोंबलाच्या चटणीबरोबर भाकरी आणून ठेवली. बाबांचा तो प्रश्न मी चेष्टा म्हणून घेतला नाही. गळ टाकणारा माणूस दुसरं काय विचारणार?

वर खरंच काय आहे, हे नाडकर्णीबाईंनी विद्यार्थिदशेतच दाखवून दिलं. मोठ्या झाडांच्या फांद्यांवर शेवाळ साचतं, पालापाचोळा कुजतो, वर्षानुवर्षांत तिथे जाड माती तयार होते. ते शेवाळ उचलल्यावर तिला खाली मुळं दिसली, आणि ती त्याच झाडाची निघाली. झाड स्वतःच्याच फांदीतून मूळ फोडून वरच्या मातीतलं अन्न घेत होतं. हा निबंध 1981 मध्ये 'सायन्स'मध्ये आला. खालून पाहणाऱ्या एवढ्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण ते खालून पाहत होते.

संध्याकाळी मामलेदारची मिसळ खाल्ली. घशाला जाळ आणि डोळ्यांना पाणी अशा अवस्थेत मासुंदा तलावाला फेरी मारायला निघालो. ठाणं तलावांचं गाव. संध्याकाळी अख्खं शहर तलावाभोवती प्रदक्षिणा घालतं. आमच्याकडे समुद्रावर लोक जातात ते बसायला किंवा बघायला. इथे चालतात, आणि तेही एकाच दिशेने, जणू उलट फिरलं तर पाप लागेल. तिथल्या एका जुन्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळ फुटलेला होता. मातीचा कण नसलेल्या विटांच्या फटीत त्याची मुळं नीट पसरली होती. वडाच्या पारंब्या आणि भिंतीतला पिंपळ पाहत वाढलेल्या माणसाला मूळ जमिनीतच असतं असं कुणी पटवून देऊ शकणार नाही. मोरेश्वर नाडकर्णींनी मुलीला पारंब्यांबद्दल काही सांगितलं होतं का, ते मला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण मला मात्र चालताना दुसरं काही सुचत नव्हतं.

रस्त्याकडेच्या झाडांच्या खोडांवर दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या होत्या. वर केबलच्या तारा फांद्यांतून ओवलेल्या. त्याहून वर फाटका पतंग आणि त्याचा मांजा. ठाण्यातल्या झाडांमध्ये दोर टाकायची गरजच काय, असं वाटून गेलं. प्रत्येक झाडात आधीच चार दोऱ्या आहेत, आणि एकीवरूनही कोणी वर गेलेलं नाही.

मी मात्र आता हट्टाला पेटलो होतो. जांभळी नाक्याच्या बाजारातून दोन मिलिमीटर जाडीची पिवळी दोरी घेतली. पिवळी अशासाठी की पानांत ती दिसावी, आपल्याला आणि पाखरांनाही. मावशीने जुन्या जीन्सच्या कापडाची मुठीएवढी पिशवी शिवून दिली. वाण्याकडे तीत वाळू भरून साडेतीनशे ग्रॅम वजन करून घेतलं. वाण्याने काहीच विचारलं नाही. गुहागरात ही बातमी माझ्याआधी घरी पोचली असती.

मावशीची ठरलेली जांभळंवाली येऊरच्या पाड्यावरची. तिच्याबरोबर वर गेलो. शहराच्या अगदी पाठीला लागून डोंगर चढतो, वन खात्याचा नाका लागतो, आणि रिक्षाचा आवाज संपण्याआधीच झाडांची सावली सुरू होते. पाडे वारल्यांचे. तिच्या अंगणात एक जुना आंबा होता. आमच्या रायवळाचा धाकटा भाऊ शोभावा असा. घरच्या म्हातारबाबांची परवानगी घेतली. पाच मिनिटांत पोरं जमली.

पुस्तकात वाचलं होतं तसं मी पिशवी दोन पायांमधून मागे-पुढे झुलवली आणि सोडली. ती झाडाच्या दिशेने न जाता माझ्याच डोक्यावरून मागे गेली आणि घराच्या कौलावर आदळली. कौल फुटलं. मी ओशाळून पैशांचं बोलायला गेलो तर आजीने हात झटकला. तिला हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या खेपेला दोरीच्या वेटोळ्यात गाठ बसली आणि पिशवी अर्ध्यात हिसका खाऊन परतली. आजी आत गेली आणि एक टोपली घेऊन आली. "हिच्यात सोड ती दोरी. वेटोळं करू नको, नुसती सोड. पडेल तशी निघेल." आणि खरंच, टोपलीत सैल पडलेली दोरी गुंतली नाही. पुढे वाचलं तेव्हा कळलं की परदेशातले झाडचढे याच कामासाठी घडीची पेटी विकत घेतात.

मग एका दहा वर्षांच्या पोराने पिशवी माझ्या हातून घेतली. त्याने आधी काही फेकलंच नाही. झाडाभोवती हळूहळू फिरला, मान वाकडी करून बघत राहिला. "ते बेचकं नको, ते मेलंय. त्याच्या वरचं." मी इतका वेळ फेकण्याचा विचार करत होतो, तो बघण्याचा करत होता. मेलेली फांदी खालून जिवंत फांदीसारखीच दिसते. फरक सालीत असतो, नाहीतर पानं नसण्यात. मग मलाही दिसू लागलं की बेचकं निवडणं हेच खरं काम आहे. ते खोडाजवळचं हवं, फांदी मांडीएवढी तरी हवी, आणि दोर खाली येताना मध्ये दुसऱ्या फांदीला अडता कामा नये. तिथे म्हातारबाबांनी भर घातली: "आन वर कोन राहतो, ते बी बघ." वर लाल मुंग्यांचं पानं शिवून केलेलं घरटं होतं. त्यांना आमच्याकडे ओंबील म्हणतात आणि त्यांच्या वाटेला पाडेलीसुद्धा जात नाही.

अकराव्या फेकीला पिशवी बेचक्यावरून गेली. ती लगेच खाली आली नाही. पानांत लटकत राहिली. मी हिसका द्यायला गेलो तर पोरगा ओरडला, "वढू नको! फसंल." दोरी सैल सोडायची, थोडी हलवायची, वजन आपलं आपण उतरतं. ती उतरली. अंगणात आरोळी उठली. फांदीच्या दोन्ही बाजूंनी खाली आलेली ती पिवळी रेघ पाहून मला जे वाटलं ते या वयात सांगायला लाज वाटते. म्हातारबाबा म्हणाले, "आता जा वर." मी पाहिलं. जाड दोर मी आणलाच नव्हता.

अख्खा पाडा हसला. जांभळांचा द्रोण हातात देऊन त्यांनी मला वाटेला लावलं. कौलाचे पैसे शेवटपर्यंत घेतले नाहीत.

परतताना घोडबंदर रस्त्याला एका मित्राकडे थांबलो. घर बाविसाव्या माळ्यावर. बाल्कनीतून खाली पाहिलं तर येऊरचं अख्खं रान वरून दिसत होतं, हिरव्या पोपटी गोळ्यांसारखं. ज्या माथ्यांपर्यंत पोचण्यासाठी कुणी बेचकी बनवते, कुणी धनुष्य उचलतो, ते लिफ्टच्या एका बटणावर. मित्र म्हणाला, "व्ह्यूचेच पैसे घेतले त्यांनी." मुकादमाचा प्रश्न आठवला. वर नुसतं बसायचे पैसे कोणी देत नाही असं नाही. इथे ते बसणाऱ्यानेच मोजले होते. पण एवढ्या उंचीवरून फांदीवरचं शेवाळ दिसत नाही, त्याखालचं मूळ तर नाहीच. वर जाणं आणि वरून पाहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे त्या बाल्कनीत पटलं.

दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा. मामेबहिणीकडे डोंबिवलीला जायला लोकल पकडली. पारसिकचा बोगदा 1916 पासून लोक गिळतो आणि पलीकडे ओकतो. 2022 पर्यंत जलद लोकलही त्यातूनच जायच्या. त्या अंधारात डब्यातलं बोलणं क्षणभर थांबायचं आणि उजेड येताच त्याच शब्दापासून सुरू व्हायचं. समोरच्या बाईंनी माझ्या पिशवीतून डोकावणारी दोरी पाहिली. "वडाला गुंडाळायला आणलीत? पिवळी चालत नाही हो, पांढरं सूत लागतं." मी काहीच खुलासा केला नाही.

डोंबिवलीची माणसं घड्याळ मनगटावर नाही, पायांत बांधतात. तरीही त्या सकाळी बायका ऑफिसच्या वेळेआधी नऊवारी, नथ अशा थाटात वडाशी रांगेत होत्या. फडके रोडकडच्या बाजारात वडाच्या फांद्यांचे भारे विकायला आले होते. ज्यांना झाडापर्यंत जायला वेळ नाही त्यांनी झाड घरी न्यायचं. गुहागरात बायका वडाकडे जातात. इथे वडाला लोकल पकडावी लागते. मामेबहीण मात्र फांदी घेत नाही. "एक दिवस त्याची पूजा करायची म्हणून त्याचे हात तोडायचे का?" असं म्हणून ती मला खऱ्या वडाशी घेऊन गेली. खोडाभोवती इतकं सूत गुंडाळलं होतं की साल दिसत नव्हती. सात फेऱ्या, सात जन्म, आणि बाजूला मोबाइलवर निरोप: सात बत्तीसची चुकली, आठ पाचने येते.

मी त्या सुताकडे पाहत राहिलो. इतकं सूत आणि सगळं छातीच्या उंचीला. कुणालाच वर जायचं नव्हतं; झाडाला धरून ठेवायचं होतं. याच दोऱ्याचं टोक वर गेलं तर तो वाट होतो. मनात आलेलं हे मी बहिणीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आधी पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या घेऊन ये, मग स्वर्गात जा." आजोबांचाच सूर.

दुपारनंतर कल्याणला आतेभावाकडे. तिथला खिडकी वडा खाल्ला आणि दुर्गाडीकडे चालत निघालो. 1657 मध्ये महाराजांनी कल्याण घेतलं आणि याच खाडीत स्वराज्याच्या आरमाराची जहाजं बांधली जाऊ लागली. शिडाचं जहाज म्हणजे निम्मं लाकूड, निम्मा दोर. डोलकाठी हेही एक झाडच, फांद्या छाटलेलं आणि वर माणूस चढवलेलं. किल्ल्यावरून उल्हास नदीचं पाणी करडं दिसत होतं आणि ढग खाली आले होते.

खालच्या वाटेवर एका उंच झाडात संक्रांतीचा मांजा अजून लोंबत होता. आतेभावाने सांगितलं, जानेवारीत याच झाडात एक घार अडकली होती. अग्निशमन दलाची शिडी पुरेना, म्हणून शेवटी बांबूला बांबू जोडून आकड्याने तिला सोडवलं. पंखाला चीर गेली होती. 2017 पासून नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी दर संक्रांतीला तो कुठून तरी येतोच. विचार करत गेलो. हासुद्धा वर गेलेला बारीक दोरा. फरक एवढाच की याच्या मागून कुणीच वर जाणार नव्हतं. सूत टाकून निघून जाणाऱ्याचा दोरा फास होतो.

आतेभावाने नाडकर्णीबाईंबद्दल विचारलं, "आणि ती बाई कधी पडली नाही का?" पडली. जुलै 2015 मध्ये, वॉशिंग्टन राज्यात, साधारण पन्नास फुटांवरून. वर दोराने दगा दिला. मणके, बरगड्या, ओटीपोटाची हाडं मोडली. बरी झाली आणि परत वर गेली. आपल्याकडे म्हणतात सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दोराच्या बाबतीत उलटंही होतं: पीळ शाबूत दिसतो आणि आतला जोर उन्हाने कधीच गेलेला असतो. म्हणून दोरावरून झाडं चढणारी माणसं दोराचं वय लिहून ठेवतात आणि धडधाकट दिसणारा दोर वेळेवर टाकून देतात. आमच्याकडे दोर तुटेपर्यंत वापरतात आणि तुटला की नशिबाला बोल लावतात.

कल्याणहून निघालो तेव्हा पावसाचे पहिले थेंब पडले. गुहागरला पोचेपर्यंत मृग चांगलाच लागला होता. दुसऱ्या दिवशी जरा उघडीप मिळताच पाडेलीला बोलावलं, टोपली ठेवली, पिवळी दोरी तीत सैल सोडली. त्याने वाळूची पिशवी हातात तोलली आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. "एवढ्यात माझे चार माड होतील, भाऊ." मग येऊरच्या पोरासारखाच तो झाडाभोवती एक फेरी मारून आला. तिसऱ्याच फेकीला पिशवी पोचली. त्या आंब्याच्या पहिल्या फांदीवरून, जिथे आजवर नुसती पाखरं पोचली होती तिथून, दोरी खाली उतरली.

जाड दोर आम्ही चढवला नाही. ओल्या सालीवर चढू नये, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. उंच झाडांवर काम करणारे लोक हंगाम संपला की दोर उतरवतात आणि त्याच्या जागी बारीक दोरी ओढून ठेवतात. पुढच्या खेपेला परत नेम धरायला नको. आम्हीही तेच केलं. दोन्ही टोकं बुंध्याशी बांधली, घट्ट, कुठे फास राहणार नाही अशी.

आता श्रावण चालू आहे. पिवळा रंग शेवाळाने हिरवट होत चालला आहे. पाडेली येता-जाता ती दोरी एकदा ओढून बघतो आणि काही न बोलता माडाकडे जातो. दिवाळीला पंधरा दिवस असताना नवा दोर आणायचा, असं आमचं ठरलं आहे. आधी कोण चढणार, ते मात्र अजून ठरलेलं नाही.